एजंटचा एक टक्का: कशाचा द्यायचा, कशाचा नाही

फ्लॅट शोधायला आता एजंट लागत नाही. मोबाइलवर ‘कोथरूड, दोन बेडरूम, एक कोटीच्या आत’ असं टाकलं की फोटोंसकट पाच-पन्नास फ्लॅट समोर येतात. त्यातले काही केव्हाच विकले गेलेले असतात, काहींचे फोटो भलत्याच इमारतीचे असतात आणि ‘थेट मालकाकडून’ लिहिलेल्या जाहिरातीवर फोन केला की पलीकडे एजंटच निघतो, ते सोडा. पण यादी मिळते. त्यामुळे घर घेणाऱ्याला प्रश्न पडतोच, की ८५ लाखांच्या फ्लॅटवर ८५ हजार दलाली द्यायची ती कशाची? किल्ली घेऊन आला, दार उघडलं, बाल्कनीतून टेकडी दाखवली, एवढ्याची?

एवढ्याचीच असेल तर देऊ नये. एजंटचं खरं काम टोकन, म्हणजे बयाणा, दिल्यावर सुरू होतं आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सभासदत्वाच्या कागदावर, तुमचं नाव चढलं की संपतं. मधल्या दोन-तीन महिन्यांत व्यवहार अडकायच्या डझनभर जागा असतात. त्या आधीच ओळखणारा आणि अडकलाच तर सोडवणारा माणूस एक टक्क्याला महाग नाही. पण त्याआधी तो पैसे कोणाकडून घेतो आणि त्याचा फायदा कशात आहे, हे समजून घ्यायला हवं. तिथेच बहुतेकांचा घोळ होतो.

तो कोणाच्या बाजूचा?

आपल्याकडे एजंटांची दोन दुकानं आहेत. एक रिसेलचं, म्हणजे आधी कोणीतरी राहत असलेल्या घराचं. दुसरं नव्या प्रोजेक्टचं. तिथे त्याला चॅनल पार्टनर म्हणतात, बोलताना नुसतं ‘सीपी’. दोन्हींचं गणित वेगळं आहे.

रिसेलमध्ये पुण्या-मुंबईकडे दलाली साधारण एक ते दोन टक्के चालते आणि ती बहुतेक वेळा दोन्हीकडून घेतली जाते, विकणाऱ्याकडूनही आणि घेणाऱ्याकडूनही. कायद्याने ठरवून दिलेला दर नाही, बोलून ठरतो. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८५ हजारांचे १,००,३०० होतात. हे शेवटी कळलं की तोंड कडू होतं, म्हणून आधीच विचारा: ‘जीएसटी धरून की वेगळा?’

आता त्याच्या जागी बसून हिशेब करा. व्यवहार ८५ लाखांना झाला तर त्याला तुमच्याकडून ८५ हजार मिळतील. त्याने तुमच्यासाठी घासाघीस करून भाव ८३ वर आणला तर ८३ हजार. तुमचे दोन लाख वाचले, त्याचे दोन हजार गेले. दोन हजारांसाठी तो तुमच्याशी वाईटपणा घेणार नाही आणि मालकाशीही नाही. त्याची खरी भीती एकच असते, व्यवहार मोडण्याची. म्हणून तो ना तुमच्या बाजूचा असतो ना मालकाच्या. तो व्यवहाराच्या बाजूचा असतो. यात लबाडी काही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण ‘आपला माणूस आहे’ असं समजून ‘आम्ही ९० पर्यंत जाऊ शकतो’ हे त्याला पहिल्याच भेटीत सांगितलंत, तर तो आकडा संध्याकाळपर्यंत मालकाच्या कानावर गेलेला असेल. तुमची शेवटची मर्यादा त्याला सांगायचीच नाही.

अमेरिकेत ही रचना वेगळी आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात घर घेतलेल्या नातेवाइकांना विचारा. तिथे घेणाऱ्याचा एजंट वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, असं सर्रास असतं आणि पूर्वी दोघांचेही पैसे बहुधा विकणाऱ्याच्या खिशातून जात. त्यावरून खटले झाले. २०२३ मध्ये मिझुरीतल्या ज्युरीने रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला, पुढे तडजोड झाली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. आता तिथे घर बघायला नेण्याआधीच एजंटला घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो आणि तो किती पैसे घेणार हे त्यात लिहावं लागतं. आपल्याकडे असा करार करायची पद्धत नाही. पण एका व्हॉट्सॲप मेसेजवर ‘दलाली एवढी, या टप्प्यांनी, ही ही कामं धरून’ एवढं लिहून घ्यायला कोणी अडवलेलं नाही.

रिसेलमधला एक जुना डाव इथेच सांगून ठेवतो. मालक एजंटला म्हणतो, ‘मला ८० हातात द्या, वरचं तुमचं.’ याला नेट रेट म्हणतात. मग तोच फ्लॅट तुम्हाला ८६ ला सांगितला जातो आणि तुमची मालकाशी गाठ शेवटपर्यंत पडू दिली जात नाही. त्यामुळे टोकन देण्याआधी मालकाशी एकदा समोरासमोर बसायचंच. एजंट ती भेट टाळत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

टोकन ते शेअर सर्टिफिकेट

आता मूळ कामाकडे येऊ. समजा, कोथरूडच्या एका सोसायटीतला फ्लॅट आहे. भाव ८५ लाख. नवरा-बायकोने दहा वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेला, अजून २२ लाख कर्ज बाकी. तुम्ही पण कर्जच काढणार.

जाणता एजंट पहिला प्रश्न विचारतो तो चौरस फुटांचा नसतो. तो विचारतो, ‘कागदावर नाव कोणाचं?’ या उदाहरणात दोघांचं आहे, म्हणजे दोघांच्या सह्या. पण फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते गेले आणि मुलगा नॉमिनी म्हणून विकायला निघालाय, असं असेल तर गोष्ट वेगळी होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आई असेल तर आईची, बहिणी असतील तर प्रत्येकीची सही लागते, नाहीतर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ‘ताईचं काही नाही हो, ती येईल सहीला’ या वाक्यावर टोकन देणारे लोक पुढे सहा-सहा महिने ताईची वाट बघतात. एजंटने हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला, तर त्याच्या दलालीचा निम्मा भाग मी तिथेच वसूल झाला असं धरतो.

दुसरा प्रश्न कागदांच्या साखळीचा. बिल्डरपासून पहिल्या मालकाकडे, पहिल्याकडून दुसऱ्याकडे, असे आजपर्यंतचे सगळे करार एकामागोमाग हवेत. तीस-पस्तीस वर्षं जुन्या इमारतीत एखादी कडी हमखास कच्ची निघते. करार नोंदवलेलाच नसतो, मुद्रांक कमी लावलेला असतो किंवा मूळ प्रत हरवलेली असते. त्यासोबत इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), मालमत्ता कराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. ही फाइल विकणाऱ्याच्या मागे लागून जमवणं हे कटकटीचं काम आहे. तुम्ही मागितलेत तर मालकाला वाटतं, विश्वास नाही. एजंटने मागितलं की तो नियम होतो. मधल्या माणसाचा हा उपयोग कोणत्याही ॲपला जमणार नाही.

मग टोकन. पन्नास हजार, लाख, जे ठरेल ते. कायद्याचं बळ या टप्प्यावर सर्वांत कमी असतं, कारण हातात नोंदवलेला कागद काहीच नसतो. टोकनच्या पावतीवर फ्लॅटचा पूर्ण पत्ता, ठरलेला भाव, सगळ्या मालकांच्या सह्या आणि साठेखताची, म्हणजे विक्रीच्या कराराची, मुदत हवी. त्याखाली एक वाक्य हवंच: कर्ज नामंजूर झालं किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर टोकन पूर्ण परत. मालक सहसा हे वाक्य घालायला खळखळ करतो. ते घालून घेणं हे एजंटचं काम. रोख द्यायचं नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. ‘थोडे कॅशमध्ये करू’ असं एजंटच सुचवायला लागला, तर तो कोणाची सोय बघतोय हे उघड आहे. मालकाचा कर वाचतो. तुम्हाला मात्र तेवढ्या रकमेवर ना कर्ज मिळतं, ना पुढे विकताना ती खरेदी किमतीत धरता येते.

या ८५ लाखांत तुमच्या खिशातून नक्की किती जाणार, हा हिशेब एजंटने कागदावर मांडून द्यायला हवा. बँक बहुतेक ८० टक्के देईल, म्हणजे ६८ लाख. तुमचे १७. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५,९५,०००. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. दलाली जीएसटीसह एक लाख. झाले सव्वाचोवीस लाख. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, इथे ती ८५ हजार रुपये होते. म्हणजे एजंटची मूळ दलाली तिथेच निघाली. नवऱ्याचं नाव बरोबर घातलं की सवलत गेली. करार ठरण्याआधी हे कोणी सांगितलं तर उपयोग, नंतर नाही.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर यातल्या जास्त रकमेवर बसतं. बँकही स्वतःचा मूल्यमापक पाठवते आणि कर्ज देताना करारातली किंमत व त्याचा आकडा यातला कमी धरते. त्या भागात रोज व्यवहार करणाऱ्या एजंटला हे दोन्ही आकडे आधीच अंदाजाने माहीत असतात. बँकेने ८५ च्या घराचे ७८ लावले तर फरक तुमच्या खिशातून जाणार, हे टोकनआधी कळलेलं बरं.

आता गुंत्याचा भाग, मालकाचं बाकी कर्ज. त्याच्या घराचे मूळ कागद त्याच्या बँकेच्या तिजोरीत आहेत. तुमची बँक म्हणते, मूळ कागद दाखवा मग पैसे देतो. त्याची बँक म्हणते, आधी २२ लाख भरा मग कागद देतो. यातून वाट अशी काढतात: मालकाने आपल्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी आणायची, तुमच्या बँकेने २२ लाखांचा चेक थेट त्याच्या बँकेच्या नावाने काढायचा, कागद तिथून सरळ तुमच्या बँकेकडे यायचे आणि मग उरलेली रक्कम मालकाला. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन बँकांच्या चार खिडक्या, एक मालक जो सुट्टी काढायला तयार नाही आणि मुदत संपत आलेलं मंजुरीपत्र. या आठवड्यांत सकाळी दहाला मालकाला घेऊन बँकेत हजर राहणारा एजंट असेल तर त्याचं मोल तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत बँकेने कागद परत द्यायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. हा नियम माहीत असलेला एजंट बँकेत वेगळ्या आवाजात बोलतो.

मग कर. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, इथे ८५ हजार. हे वरचे पैसे नाहीत, मालकाला द्यायच्या रकमेतूनच कापायचे. कापलेला महिना संपल्यावर ३० दिवसांत भरायचे. मालकाचं पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेलं असेल तर दर २० टक्क्यांवर जातो आणि तो न कापल्याची नोटीस येते ती तुम्हाला. आणि मालक परदेशात स्थायिक असेल तर? तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. कितीतरी जास्त दराने कर कापावा लागतो आणि त्यासाठी सीए गाठावा लागतो. आज पुण्यातले कितीतरी फ्लॅट अशा मालकांचे आहेत जे पाच-दहा वर्षं परदेशात आहेत आणि इथे मुखत्यारपत्रावर भाऊ किंवा मेहुणा सही करतो. समोरचा मेहुणा भारतात राहतो म्हणून १ टक्का कापून मोकळं व्हायचं नाही. मालक कोण आणि तो राहतो कुठे, हे बघायचं.

सोसायटीकडे आलं की एजंटची स्थानिक ओळख कामी येते. हस्तांतर शुल्काला महापालिका क्षेत्रात २५ हजारांची मर्यादा आहे, २००१ च्या शासन निर्णयाने घातलेली. तरीही काही समित्या ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून लाखात मागतात आणि ती दिल्याशिवाय बँकेला लागणारं ना हरकत पत्र देत नाहीत. त्या समितीचा सेक्रेटरी कसा आहे, मागच्या हस्तांतराला किती घेतले, हे त्या गल्लीतल्या एजंटला ठाऊक असतं.

पार्किंगही इथेच ठरतं. जाहिरातीत ‘कव्हर्ड पार्किंगसह’ असतं, मालक त्याचे दोन-चार लाख वेगळे लावतो. पण जुन्या इमारतींतलं स्टिल्टखालचं (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यातलं) किंवा उघडं पार्किंग ही बिल्डरने सुटी विकायची वस्तू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. जागेचं वाटप सोसायटी करते. मालकाने दहा वर्षं तिथे गाडी लावली म्हणून ती जागा तुमची होत नाही. सोसायटीच्या नोंदीत त्या फ्लॅटला जागा दिलेली आहे का, हे लेखी घ्या. या बाबतीत एजंटच्या ‘हो मिळतं ना’वर विसंबू नका, कारण पार्किंग नाही म्हटलं तर व्यवहार मोडतो हे त्यालाही ठाऊक असतं.

कोथरूड, एरंडवणे किंवा तिकडे पार्ले, मुलुंड, ठाणे अशा जुन्या भागांत आणखी एक पदर असतो, रिडेव्हलपमेंट. सोसायटीची बोलणी सुरू आहेत, या एका वाक्यावर मालक भाव चढवतो. बोलणी म्हणजे नक्की काय? सभेत ठराव झालाय, निविदा आल्यात, बिल्डर ठरलाय की विकसन करारनामा नोंदवून झालाय? यातल्या प्रत्येक पायरीला भाव वेगळा असायला हवा. करारनामा झालेला असेल तर पुढचं भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि वाढीव क्षेत्र कोणाला मिळणार, हे तुमच्या साठेखतात लिहावं लागतं. हा निरोप ॲपवर मिळत नाही. तो कोपऱ्यावरच्या एजंटकडे असतो, कारण याच इमारतीत गेल्या वर्षी त्याने दोन फ्लॅट विकलेले असतात.

त्याच्यावर सोपवायचं नाही असं काही

मालकी हक्काची तपासणी एजंटचं काम नाही. त्यासाठी वकील हवा, आणि तो तुम्ही निवडलेला हवा. ‘आमचेच वकील आहेत, पाच हजारांत करून देतात’ हा प्रस्ताव नम्रपणे नाकारायचा. एजंटकडून महिन्याला दहा कामं मिळणारा वकील त्याचाच व्यवहार मोडेल असा अहवाल देईल का? वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घ्या, साठेखत वाचून घ्या. बँकेचा वकीलही कागद बघतो, पण तो बँकेसाठी.

भावाचं मतही पूर्णपणे त्याचं घेऊ नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतल्या किंवा आसपासच्या अलीकडच्या व्यवहारांचा इंडेक्स टू शोधता येतो. जाहिरातीतले भाव म्हणजे मालकांच्या इच्छा आहेत, इंडेक्स टूमधले भाव म्हणजे झालेले व्यवहार. दोन्हींत मोठी तफावत सापडते. एजंटला हा कागद दाखवून बोललात तर त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो.

नव्या प्रोजेक्टमधला सीपी

इथे तुम्ही एजंटला काही देत नाही. बिल्डर देतो, आणि रिसेलच्या दलालीपेक्षा बऱ्याचदा जास्त देतो. त्यामुळे ‘आमची सर्व्हिस तुम्हाला फ्री आहे’ हे ऐकायला गोड असलं तरी ते पैसे घराच्या किमतीतूनच निघतात. सीपी तुम्हाला तीन प्रोजेक्ट दाखवायला नेतो. चौथा का नाही, हे विचारून बघा. बहुतेक वेळा चौथा बिल्डर कमी देतो किंवा उशिरा देतो.

साइटवर पहिल्यांदा गेलात की तिथली मुलगी टॅबवर तुमचा मोबाइल नंबर घेते आणि ‘कोणामार्फत आलात’ विचारते. जे नाव सांगाल त्याच्या खात्यावर तुम्ही जमा होता. पुढे दुसऱ्या कोणी कितीही मदत केली तरी कमिशन पहिल्याचं. म्हणून सहज रविवारी फिरायला म्हणून कोणाबरोबर साइटवर जाऊ नका. मन बसलं तर थेट जाऊन भाव कमी होईल असंही समजू नका. बिल्डर दर सहसा कमी करत नाही, कारण बाकीचे सीपी बिथरतात. पार्किंग, मुद्रांक शुल्कात वाटा किंवा हप्त्यांची सोय असं काही मात्र काढून घेता येतं, आणि ते एखादा मुरलेला सीपी तुमच्यापेक्षा बरं काढून देतो.

कायदा इथे रिसेलपेक्षा जास्त तुमच्या बाजूने आहे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली, नोंदणी असलेल्या प्रोजेक्टमधलं घर विकणाऱ्या एजंटची स्वतःचीही नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर दिवसाला १० हजार रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्यात हा कायदा राबवणाऱ्या महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. प्रोजेक्टचा क्रमांक ‘पी’ ने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ ने. जाहिरातींवर क्यूआर कोडही १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की मंजूर नकाशे, चटई क्षेत्र, ताबा देण्याची तारीख, चालू खटले, सगळं सीपीच्या मदतीशिवाय दिसतं. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज २० टक्के भरा, ऑफर रात्री बारापर्यंत’ म्हणणारा सीपी बिल्डरला कायदा मोडायला सांगतोय, हे त्याला तोंडावर सांगायला हरकत नाही.

बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर विकलेल्या घरावर लागत नाही. ८५ लाखांवर हा फरक सव्वाचार लाखांचा आहे. कित्येक सीपी हा फरक आपणहून काढत नाहीत.

सीपीबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे बुकिंग झालं की तो फोन उचलत नाही. त्याचं काम तिथे संपलेलं असतं, पुढे बिल्डरचं ऑफिस आणि तुम्ही. म्हणून बुकिंगआधी सांगितलेलं सगळं, क्लबहाऊस कधी, पाणी कुठलं, समोरच्या मोकळ्या जागेवर काय येणार, ते ईमेलवर मागून घ्या. कायद्यानुसार एजंटला खोटी माहिती देता येत नाही, पण तोंडी बोललेलं सिद्ध करणं कठीण.

मग घ्यावा की नाही?

त्याच सोसायटीतल्या शेजाऱ्याचा फ्लॅट घेत असाल, कर्ज बाकी नसेल, मालक समोर बसलेला असेल, तर एजंट कशाला? चांगला वकील आणि नोंदणीचं काम करणारा माणूस पुरे. परगावाहून आलात, भाग माहीत नाही, दोन्हीकडे कर्ज आहे, मालक बाहेरदेशी आहे, वारस चार आहेत, यातलं एक जरी असेल तर एजंट घ्या आणि त्याला पूर्ण एक टक्का द्या. भावासाठी घासाघीस करा, पण दलालीत दहा हजार कापून त्याचा उत्साह मारू नका.

निवडताना ‘किती वर्षं धंद्यात’ हे विचारून काही कळत नाही. ‘याच भागात गेल्या वर्षी तुमचा कोणता व्यवहार मोडला आणि का?’ हे विचारा. जो सांगतो की ओसी नव्हती म्हणून मोडला, बहीण सहीला आली नाही म्हणून मोडला, त्याला कागद वाचता येतात. जो म्हणतो ‘आमचा एकही मोडत नाही’, त्याच्याकडे चहा पिऊन निघायचं.

रिसेलमध्ये सगळे पैसे साठेखताच्या दिवशी मागितले जातात. दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा, फोटो झाला, बाहेर चहाच्या टपरीपाशी आलात, की एजंट हिशेब काढतो. तेव्हा अर्धेच द्यायचे आणि हे टोकनच्या आधीच सांगून ठेवायचं. काही रक्कम ताबा आणि मूळ कागद मिळाल्यावर. उरलेली शेअर सर्टिफिकेटवर नाव चढल्यावर. वीज मीटर आणि मालमत्ता कराच्या बिलावरचं नाव बदलून देणंही यातच बोलून घ्या. एरवी फ्लॅट विकून दोन वर्षं झालेल्या माणसाच्या नावाने महावितरणचं बिल तुमच्या दारात येत राहतं, आणि एजंट म्हणतो, ‘ते ऑनलाइन होतं साहेब आता.’